तिकिटं, लिफाफे आणि सेतुमामांची अक्का

पोस्टाची तिकिटं जमवणारी माणसं शांत असतात, असा एक गैरसमज आहे. चेन्नईत आमच्या मैलापूरच्या क्लबात या एकदा! महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दहा-पंधरा जण भेटतो, चिमटे-भिंगं बाहेर काढतो आणि दोन तास कुणावर तरी चिडतो. तिकिटं अल्बममध्ये जातात, किस्से डोक्यात साठतात. माझं डोकं मुळातच गरम. मी साताऱ्याची, पेरुंगुडीला एका आयटी कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका काढायचाच पगार घेते.

*

एका प्रदर्शनात एक गृहस्थ आजोबांचा संग्रह दाखवायला घेऊन आले. पिशवी उघडली, तर एकूण एक तिकीट लॅमिनेट केलेलं! जाड, चकचकीत, कोपरे गोल कापलेले. वर अभिमानानं म्हणतात, "आता शंभर वर्षं काही होत नाही यांना!"

आमचे सर्वांत जुने सभासद सेतुमामा. त्यांनी एक बघितलं, दुसरं बघितलं आणि खुर्ची ओढून खालीच बसले.

"शंभर वर्षे काय," ते म्हणाले, "आता जळल्याविना सुटका नाही की त्यांस!"

*

सेतुमामा तंजावरचे मराठी. त्यांची मराठी शिवकालातली, मधेमधे तमिळ. त्यांचा स्वतःचा घावही याच जातीचा.

तंजावरच्या घरी त्यांची थोरली बहीण राहते, अक्का. वडिलांची जुनी पत्रं तिच्याकडे ट्रंकेत होती. लिफाफ्यांवर अशा गावांचे शिक्के, जिथली पोस्टं कधीच बंद झाली. मामांच्या वाढदिवसाला भेट द्यायची म्हणून अक्कानं ते सगळे लिफाफे टबात भिजवले, तिकिटं सोडवली, वर्तमानपत्रावर वाळवली आणि मिठाईच्या डब्यात रचून ठेवली. लिफाफे गेले बंबात! आमच्या धंद्यात सुटी तिकिटं किलोवर मिळतात. किंमत असते ती शिक्क्यासकट अख्ख्या लिफाफ्याला.

मामा तिला काय काय बोलले ते मी लिहिणार नाही. अक्का एवढंच म्हणाली, "दोन दिवस कंबर मोडून केलें रे, तुला आवडेल म्हणून."

अकरा वर्षं बोलणं बंद! ती चौऱ्याऐंशीची, हे एकोणऐंशीचे. कोण आधी जाईल याचा नेम नाही. आणि आम्ही क्लबवाले काय करत होतो? दर भेटीत "मामा, तुमचंच बरोबर" म्हणून आगीत तेल ओतत होतो. त्यात मीही होते, आणि त्याची मला आजही चीड येते.

*

प्रदर्शनाच्या उद्घाटनाचा किस्सा तर विचारूच नका. खास लिफाफा छापला होता, खास शिक्का होता. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा आले. शाल झाली, हार झाला. पहिला शिक्का मारलेला लिफाफा आम्ही ताटातून, रेशमी कापडावर ठेवून त्यांच्या हातात दिला. त्यांनी भाषण केलं, "हा वारसा जपला पाहिजे!" आणि बोलता बोलता लिफाफ्याची चार घड्यांची पुडी करून खिशात घातली.

टाळ्या वाजल्या! मी नाही वाजवल्या.

*

मग परीक्षक. मामांनी पाच फ्रेम भरून बाजारातून जमवलेली मोडीतली जुनी पत्रं लावली होती. कुणाला मुलगी झाली, कुणाची गाय मेली, कुणी रुसून काशीला गेलं. परीक्षकांनी पट्टी काढून समास मोजले. "दोन मिलिमीटर कमी."

"पत्रांत काय लिहिलें तें विचारा की!" मामा म्हणाले.

"त्याला मार्कशीटमध्ये कॉलम नाही, सर."

मी इतकी ओरडले की पुढच्या वर्षी मला चहापान समितीत टाकलं.

*

चहापान समितीत असतानाचाच हा शेवटचा. इव्हेंटवाल्यांनी एक स्टॉल लावला होता, "आपल्या माणसाला पत्र लिहा!" तिकीट लावलेलं पोस्टकार्ड फुकट, शेजारी लालभडक पेटी. मी मामांना हाताला धरून तिथं बसवलं. त्यांनी अर्धा तास घेतला, अक्काला चार ओळी लिहिल्या आणि कार्ड पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. महिना गेला, सहा महिने गेले. "बघितलीस? माझी चूक झाली म्हणून लिहिलो. तरी माज!" मामा म्हणायचे आणि पाणी प्यायला उठायचे.

पुढच्या वर्षी तीच पेटी पुन्हा आली. मी सहज हलवली, तर आत कागद सळसळले. इव्हेंटवाल्याला विचारलं, ही कोण उघडतं?

"उघडायची कशाला? मॅडम, हा सेल्फी पॉइंट आहे!"

स्क्रूड्रायव्हरनं मीच उघडली. गेल्या वर्षीपासूनची पत्रं! लोकांनी आईला लिहिलेली, मित्रांना लिहिलेली. त्या माणसाला मी काय बोलले ते सगळ्या हॉलनं ऐकलं. बाकीची कार्डं त्याच दिवशी पोस्टात टाकली. मामांचं कार्ड आणि मामा यांना गाडीत घातलं आणि थेट तंजावर गाठलं.

अक्कानं दार उघडलं. मामांनी कार्ड पुढे केलं. तिनं चष्मा लावला, उलटसुलट बघितलं, वाचलं मात्र नाही.

"शिक्का कुठें?" ती म्हणाली. "शिक्क्याविना आलेलें पत्र मी घेत नाही. पोस्टांत टाक." आणि दार लावलं!

मी दारावर धडका देणार होते. मामांनी मला अडवलं. कोपऱ्यावरच्या पेटीत कार्ड टाकून आले आणि घराच्या ओट्यावर बसले. मी म्हटलं, मामा, लॉजवर चला. हलले नाहीत. जेवणवेळेला आतून ताट बाहेर यायचं, दार पुन्हा लागायचं. दोन दिवस! दोघांपैकी कुणावर आधी ओरडावं ते मला कळेना.

तिसऱ्या दिवशी, घरात कॉफीचा वास सुटलेला असताना, पोस्टमन आला. अक्का बाहेर आली, ओट्यावरच्या भावाला ओलांडून तिनं कार्ड घेतलं. उभ्यानंच वाचलं. मग पुन्हा एकदा वाचलं.

"पिन कोड चुकलास," ती म्हणाली. "आत ये. कापी निवतीय."