रशीदच्या नावाचं पत्र

माझी पहिली कथा कशी छापून आली, हे मी कितीतरी कार्यक्रमांत रंगवून सांगितलंय. त्यातला एक दिवस मात्र दरवेळी गाळला. बायकोलाही तो ठाऊक नाही. आज तुम्हाला सांगतो — सांगायला बसलोय खरा, पण मन अजून मागेच ओढतंय.

तेव्हा आम्ही दोघं होतो. मी शहरातल्याच मुकुंदवाडीचा, आणि रशीद पाचोड गावचा, कॉलेजसाठी इथं आलेला. काय दिवस होते ते! वाचनालयात जुने दिवाळी अंक चाळायचे, आणि कथा वाचायच्या सोडून आधी संपादकांचे पत्ते उतरवून घ्यायचे. कागदाच्या एकाच बाजूला लिहायचं, डावीकडे समास सोडायचा, सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट जोडायचं — म्हणजे नापसंत झालं तर परत पाठवायची सोय आपणच करून द्यायची! मग शहागंजात चहा. दोघांचं मिळून एक अक्षर छापून आलेलं नव्हतं, पण थाट असा की विचारू नका. तेवढा लेखक मी पुढे पुस्तकं निघाल्यावरही कधी झालो नाही.

रशीदची खोली दर दोन-चार महिन्यांनी बदलायची. म्हणून तो पत्ता माझा द्यायचा. त्याचं टपाल माझ्या हातात यायचं. आणि टपाल हातात घेतल्याबरोबर निकाल कळायचा. जाड पाकीट म्हणजे कथा परत. पातळ काही आलं तर — पण पातळ कधी येतच नव्हतं.

त्या वर्षी दोघांनी एकाच दिवाळी अंकाला कथा पाठवल्या. एका दुपारी पोस्टमननं दोघांचं टपाल दिलं. माझं जाड पाकीट. आणि रशीदच्या नावाचं आंतरदेशीय पत्र.

मी ते फोडलं. का फोडलं? आनंदाची बातमी त्याला आपणच सांगावी म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खोटं आहे ते. माझा नुसता जळफळाट झाला होता. संपादकांनी लिहिलं होतं — कथा फार आवडली, दिवाळी अंकात घेत आहोत, ती दुसरीकडे दिलेली नाही एवढं आठ दिवसांत लेखी कळवा, त्याशिवाय छापता येणार नाही.

माझ्या पाकिटात ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी होती. असल्या चिठ्ठीवर कुणाचंच नाव नसतं. आलं ना लक्षात? — ती मी रशीदच्या हातात दिली. तुझं पाकीट वाटेत फाटलं, कथेचे कागद गहाळ झाले, असं सांगितलं. त्याच्याकडे दुसरी प्रत नव्हती, हेही मला माहीत होतं. पत्र मी घरी पाणी तापवायच्या बंबात घातलं.

तो म्हणाला, “जाऊ दे यार. तुझे कागद तरी परत आले ना? लई चांगली गोष्ट हाय तुझी, सोडू नको तिला.” माझ्या अक्षरामुळेच संपादक वाचत नसतील, असं त्याचं मत पडलं. दोन दिवस बसून त्यानं माझी अख्खी कथा आपल्या सुरेख अक्षरात उतरवून दिली. आठ दिवसांची मुदत तेव्हा संपलेली नव्हती. तो लिहीत होता, आणि मी समोर बसून बघत होतो.

ती कथा दुसऱ्या एका अंकात छापून आली. तीच माझी पहिली कथा.

रशीदनं पुढे काहीच लिहिलं नाही. पाचोडला त्याचं कापडाचं दुकान आहे. माझं प्रत्येक पुस्तक त्यानं तिथं मांडून ठेवलंय, गिऱ्हाइकांना दाखवतो. मागच्या महिन्यात गेलो होतो, तेव्हा त्याची मुलगी दुकानात होती. तिनं सहज विचारलं, “अब्बा, तुम्हीपण लिहायचे ना?”

कापड मोजता मोजता तो हसला. “एक गोष्ट लिहिली व्हती बेटा. नाय जमली.”

जमली होती. संपादकांना फार आवडली होती. हे सांगायला माझ्याशिवाय जगात कुणी नव्हतं, आणि मी त्याच्यापासून दोन हातांवर बसलो होतो. मी चहा संपवला आणि पाचची बस गाठली.