कार्डावरच्या दोन रेघा

मला कावीळ सी, म्हणजे हिपॅटायटिस सी, होती. कधीपासून, ते कोणालाच सांगता आलं नाही. तीन महिने गोळ्या घेतल्या. नंतर वाशीमला रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, "विषाणू गेला. तुम्ही बऱ्या झाल्या." मग थकवा का जात नाही, विचारलं. त्या म्हणाल्या, इतकी वर्षं लढून अंगातले शिपाई दमलेत. काही सावरतील, काही पहिल्यासारखे होणार नाहीत.

मला तर फक्त पापडांना जायचं होतं. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात बाया एकेकीच्या घरी जमून उडदाचे पापड लाटतात. पीठ कुटायचं काम माझं असे. आजार कळल्यापासून दोन उन्हाळे मला बोलावणं नव्हतं.

यंदा शाळेत याच काविळीच्या रक्ततपासणीचं शिबिर लागलं. वाटलं, सगळ्यांसमोर तपासून घ्यावं, म्हणजे बरी झाले हे तोंडाने सांगावं लागणार नाही. मला चारचौघीत बोलता येत नाही. रांगेत मागे थोरली जाऊ आणि शेजारीण होती. कार्डावर थेंब टाकला, आणि दोन रेघा उमटल्या.

"दोन लायना!" शेजारीण जावेला म्हणाली, "तुमच्या देराणीले या वयात गोड बातमी हाय काय वं?"

बाया हसल्या. जाऊ हसली नाही. "अजून हायेच ना वं तुले," ती म्हणाली.

नर्सबाई सांगत होत्या, ही आजाराची रेघ नाही, अंग लढलं त्याची खूण आहे, जन्मभर राहते. डॉक्टरबाईंनीही हे सांगितलं होतं, मीच विसरले. पण ऐकत कोण होतं!

जावेकडे पापड होते त्या दिवशी मी न बोलावता पोळपाट घेऊन गेले. मुसळाला हात लावला.

"राहू दे, थकशीन," जाऊ म्हणाली. "तू कावळे हाकल."

"बाई, मी बरी झाली."

"हो वं. म्हून तं बस म्हणून राह्यली."

बाजेवर पापड वाळत होते. मी काठी घेऊन लांब बसले. हात इतके जड होते की मुसळ उचललं गेलं असतं का, मलाच ठाऊक नाही. तेही कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी पोळपाट घरी आणला. त्याला पीठ लागलं नव्हतं. तरी सवयीने वेगळ्या पाण्यात धुतला आणि माझ्या वेगळ्या ताटाशेजारी पालथा घातला.