निसटलेली ओळ

माझी आत्या रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी सगळ्यांच्या आधी पोचून कुलूप काढायचं आणि कॉम्प्युटर लावायचा, हे तिचं काम. सुरू होताना काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर पळत. चार वर्षांत तिने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. एका सोमवारी मात्र त्या गर्दीत ‘एरर’ एवढा एकच शब्द दिसला आणि गेला.

तिच्या जिवाला घोर लागला. कॉम्प्युटर बंद करून तिने पुन्हा लावला. परत तेच. तिसऱ्यांदा लावताना डॉक्टर आत आले.

“अहो, चालू होतोय ना? मग कशाला त्याच्या खोड्या काढताय? बाहेर पेशंट खोळंबलेत.”

दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर तो हसला. “ताई, त्या ओळी तुमच्या-आमच्यासाठी नसतात.”

“मग लिहिल्यात कशाला?” म्हणत आत्याने फोन ठेवला.

दिवसभर सुई टोचताना हात स्थिर, पण मन थाऱ्यावर नाही. घरी आल्यावर दोन घास खाऊन तिने ताट बाजूला सारलं. सगळं ऐकून मी म्हटलं, “अगं, मोबाइलवर शूटिंग घे की!”

मंगळवारी तिने घेतलं. जेवणाच्या सुट्टीत थांबवत थांबवत पाहिलं आणि ओळ एकदाची हाती लागली. तिने अक्षर न् अक्षर कागदावर उतरवलं आणि दुरुस्तीवाल्याला वाचून दाखवलं. या वेळी तो हसला नाही.

“डिस्क जातेय, ताई. मशीन बंद करू नका. निघालोच.”

संध्याकाळपर्यंत त्याने सहा वर्षांचे रिपोर्ट दुसरीकडे उतरवले. दोन महिन्यांचे तेवढे उघडेचनात. बुधवारी जुनी डिस्क सुरूच झाली नाही.

डॉक्टर ओशाळले. माफीबिफी मागितली नाही, पण तपासणीचे आकडे हाताने लिहिलेल्या वह्या घेऊन तिच्या शेजारी बसले. ते आकडे सांगत, ती टाइप करी. तीन दिवसांत काम उरकलं. फक्त एक पान फाटलेलं निघालं, सात जणांचं.

“सातच तर आहेत!” मी म्हटलं.

“त्यांना सांग जाऊन,” आत्या म्हणाली.

नावनोंदणीच्या वहीतून नंबर काढून तिने एकेकाला फोन केले. सहा जणांनी आपापली प्रत पाठवली. सातवा नंबर लागतच नाही. अजूनही चहा पिता पिता ती मध्येच उठते आणि तो लावून बघते.