ओट्याखालची ओल

माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली. माजलगावच्या धरणातून सुटलेलं पाणी कुठं झिरपतं, कोणता भराव भिजलाय, हे बघत मी तीसेक वर्षं हिंडलो. गळती मला बसल्या जागी कळते, असा माझा ताठा. त्यामुळे बायको म्हणाली, "सिंकखाली कुबट वास येतोय, बगा जरा," तेव्हा मी पेपरातून डोकंही वर काढलं नाही.

"झुरळाच्या औषधाचा असंल," मी म्हटलं.

"औषध दिवाळीत मारलं होतं."

वास काही जाईना. आठवड्यानं मी वाकून ओट्याखालचं दार उघडलं. तेलाचा डबा, फिनाईल, जपून ठेवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा, सगळं बाहेर काढलं. फळी कोरडी दिसत होती. पाइपला हात लावला, तोही कोरडा. नळ सोडून पाच मिनिटं बघत बसलो, थेंब नाही. पण फळीचा मागचा कोपरा दाबला तर भिजल्या पुठ्ठ्यासारखं बोट आत गेलं. ओट्याखालचं हे लाकूडकाम मुलीनं हट्टानं करून दिलेलं. त्याला वर्षही झालं नव्हतं.

प्लंबरला फोन केला. आज येतो, उद्या येतो करत तो चौथ्या दिवशी उगवला. त्यानंही नळ सोडला, मोबाइलचा उजेड मारला आणि म्हणाला, "काका, लिकेज न्हाई. भांडी घासताना काकूंच्या हातून सांडत असंल."

त्या दिवशी त्याला चहाचं कुणी विचारलं नाही.

मग मी इरेला पेटलो. फळी कोरडी पुसून तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलं. दुपारी पाहतो तर मागच्या बाजूला तळहाताएवढा डाग. कागद बदलला, नळ सोडला आणि अर्धा तास फरशीवर बसलो. गुडघे कुरकुरायला लागले, कागद कोरडाच. संध्याकाळी पाहिलं, तर पुन्हा डाग! दोन दिवस हेच चाललं. मी समोर बसलो की गळायचं नाही, उठून गेलो की गळायचं. शेवटी मी त्या पाइपलाच शिवी हासडली.

"तुमी तपासता तरी कसं?" बायकोनं विचारलं.

"कसं म्हणजे? नळ सोडून!"

"मी नळ सोडून भांडी धुते का? पाच दिसांनी पाणी येतंय आपल्याकडं. मी बूच लावून सिंक भरते, त्यात भांडी खळबळते, आन् मग बूच काढते. एवढी वर्षं झाली, कदी बगितलं न्हाई व्हय?"

नव्हतं बघितलं.

तिनं सिंक काठोकाठ भरलं. मी उजेड घेऊन खाली आडवा झालो. "काढ," म्हटलं. पाणी घळघळ उतरलं, आणि जाळीखालच्या जोडावर एक बारीक धार चमकली. पुढून दिसणारच नाही अशी, पाइपच्या मागनं उतरून ती थेट त्या कोपऱ्यात गेली.

"गळतंय! मागनं गळतंय!" मी ओरडलो.

"मग मी काय सांगत होते?"

प्लंबर पुन्हा आला. जोड खोलून त्यानं रबरी वायसर दाखवलं. पार कडक होऊन चिरलेलं. "एकदम भरलं पाणी सुटलं की हे दाब धरंना झालंय, काका," त्यानं मला समजावलं, जणू शोध त्यानंच लावला होता.

"काकूंना सांग," मी म्हटलं.

"चुकलं, काकू."

"असू दे. आदी सिंक भरून सोड, मग चहा घे," ती म्हणाली. त्यानं दोनदा भरून सोडलं. जोडाभोवती कोरडं बोट फिरवून तिनं स्वतः खात्री केली.

फळी काढून दोन दिवस गच्चीवर उन्हात टाकली. कोपरा जरा फुगलेला राहिला, पण बाकीचं लाकूड वाचलं. आता दर रविवारी मी सिंक भरतो, बूच काढतो आणि मागच्या बाजूनं हात फिरवतो. बायको तेवढा वेळ कमरेवर हात ठेवून उभी असते आणि म्हणते, "उरका लवकर, मला कुकर लावायचाय."