पाटीवरचा पाय

ब्रेकमामांच्या गॅरेजात भिंतीला एक शाळकरी पाटी टांगलेली असे. आलेल्या प्रत्येक गाडीचं निदान मामा तिच्यावर एका शब्दात लिहीत. 'पिन' किंवा 'पाय'.

'पिन' म्हणजे दोष गाडीचा. ब्रेकवरून पाय काढला की चाकाला चिमट्यासारखं धरणाऱ्या कॅलिपरनं ते सोडायचं असतं. पण ज्या पिनांवर तो सरकतो त्या अडकल्या, की निघताना दारात हात धरून बोलत राहणाऱ्या पाहुण्यासारखा तो काही सोडत नाही. चाक घासत राहतं, इंजिन बिचारं जोर लावतं आणि पेट्रोल ढोसतं. 'पाय' म्हणजे दोष मालकाचा. रस्ता मोकळा असला तरी हा आपला ब्रेकवर पाय टेकवून बसलेला. ज्याच्या नावापुढे 'पाय' पडे, तो आठवडाभर मान खाली घालून चाले. मामांना त्यात भारी मजा वाटे, खोटं कशाला सांगा.

तपासणीची रीतही त्यांची स्वतःची. गाडी फिरवून आणायची, शेवटी ब्रेक न लावता आपोआप थांबू द्यायची आणि प्रत्येक चाकाजवळ पालथा हात नेऊन ताप बघायचा. जे जास्त तापलं, ते आजारी. "तळहाताला राबून घट्टे पडलेत, त्याला काय कळणार," मामा म्हणत. "ताप बघायचा तो पालथ्या हातानं."

मामी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकल्या. आधी नवऱ्याकडे शिकत होत्या, पण दुसऱ्याच दिवशी गाडी चौकात सोडून पायी घरी आल्या आणि पुढचं शिक्षण त्यांनी परक्या माणसाकडे पुरं केलं. मग दर गुरुवारी त्या टेकडीवर राहणाऱ्या थोरल्या बहिणीकडे जात. ताईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. त्यांचे केस धुवून, विंचरून मामी संध्याकाळी परत येत. टेकडीवर बस जात नव्हती. गाडी नाही, तर भेट नाही.

आणि नेमकी तीच गाडी अॅव्हरेज देईना.

"अहो, गाडी जड झालीय," मामी गॅरेजात येऊन म्हणाल्या. "मागून कुणी पदर धरल्यासारखं वाटतं."

मामा जागचे हललेसुद्धा नाहीत. "गाडी नाही, पाय जड झालाय." आणि पाटीवर लिहून मोकळे झाले: 'घरची गाडी – पाय'.

बाकावर निवृत्त पोस्टमास्तर बसले होते. तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं न वाचता वाटली, त्याची भरपाई ते आता रोज इथे बसून करत. संध्याकाळपर्यंत ही बातमी घरोघर पोचली. तिकीटसुद्धा लागलं नाही.

मामी भांडल्या असत्या तर मामांना बरं वाटलं असतं. त्यांनी किल्ली खुंटीला अडकवली. गुरुवार आला, मामी घरीच.

"जायचं नाही का?"

"पाय जड आहे ना माझा."

पुढच्या गुरुवारी ताईंचा फोन आला. "येईन गं, जमेल तशी," मामी म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ त्याच्याकडेच बघत बसल्या. मामा अर्ध्या ताटावरून उठले.

तिसऱ्या बुधवारी दुपारी त्यांनी गुपचूप किल्ली काढली. आपल्या हलक्या पायानं गाडी चालवली आणि सपाट रस्त्यावर सोडून दिली. दहा पावलांत गाडी थांबली. मामा उतरले, पालथा हात पुढच्या डाव्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला.

गॅरेजात आणून चाक उतरवलं. पिन ओढता ओढता घाम फुटला. वरचं रबर फुगून पुरीसारखं झालेलं. गंज नव्हता, ग्रीस होतं. पण साधं, बेअरिंगचं. मामांना सगळं आठवलं. ब्रेकचं ग्रीस संपलं होतं, दारात तीन गिऱ्हाइकं उभी, आणि आपण म्हणालो होतो, घरचीच तर गाडी. साध्या ग्रीसनं रबर फुगतं, हे जगाला ओरडून सांगणारे मामाच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

त्यांनी पिना घासूनपुसून लख्ख केल्या, रबरं नवी घातली, योग्य ते ग्रीस बेतानं लावलं, पॅड बदलले. बोट लावताच चाक गरगरलं. कुणाला काही कळलं नसतं.

गुरुवारी सकाळी त्यांनी किल्ली मामींपुढे धरली. "ठीक केलीय. जा ताईंकडे."

"काय झालं होतं?"

"असंच, किरकोळ."

"मग पाटीवर अजून पाय कसा?" म्हणून मामी चहाची भांडी घासायला वळल्या.

मामा गॅरेजात गेले. पोस्टमास्तर आधीच हजर. मामांनी त्यांच्यादेखत पाटी ओल्या फडक्यानं पुसली आणि लिहिलं: 'घरची गाडी – हात'.

"कुणाचा हात?" पोस्टमास्तरांनी चष्मा चढवला.

"माझा. चुकीचं ग्रीस लावलं मी. जा, वाटा."

पण वाटायची गरज पडली नाही. मामी दारातच होत्या. त्यांनी पाटी निरखली. "काना नीट द्या. 'हत' दिसतंय."

मामांनी काना दिला. मामींनी किल्ली घेतली.

"डावं चाक ना, पुढचं? मी बघितलं होतं, पालथ्या हातानं. तापलेल्या चाकानं टेकडी उतरू नये, तुम्हीच सांगता. म्हणून बसले घरी."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले होते. तुम्ही पाटीवर लिहीत होतात."

गाडी वळणावरून टेकडीच्या रस्त्याला लागली. मामा कान देऊन ऐकत राहिले. घासल्याचा आवाज नव्हता.