राजाचं पोट

शिक्षकाने वर्गात कधीही खोटं बोलू नये. माझ्या निरोपसमारंभात हे वाक्य मी सावकाश उच्चारलं, टाळ्या पडल्या, आणि शाल-नारळ घेऊन मी घरी आलो. पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट. कट्टा गावाजवळच्या आमच्या हायस्कुलात शेती आणि पशुपालन हा विषय नवा सुरू झाला होता. गावच्या माजी खोतांनी आपला म्हातारा घोडा, राजा, शाळेला दान केला. सनई वाजली. खोतांचं भाषण लांबलं तेव्हा राजा उभ्या उभ्या झोपला. आम्हाला ती सोय नव्हती. अश्वपालन शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी मुंबईला शिकलो होतो. मुंबईत मी घोडा पाहिला होता — व्हिक्टोरिया बग्गीला जुंपलेला, मागच्या बाजूने.

मग मी काय केलं? पुस्तक पाठ केलं. खूर, दात, खरारा, पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं वाईट वर येत नाही, हे फळ्यावर लिहून दिलं. शिपाई भिकू मुलांदेखत म्हणायचा, "गुरुजी, एकदा वर बसान दाखवा मगे!" मी म्हणायचो, "आधी सिद्धान्त." पोरं हसायची. मीही हसायचो — पण घाबरून.

वर्गात राजाला न भिता हात लावणारी एकच, नववीतली सुमती. शाळेत टिकलेली तिच्या वाडीतली पहिली मुलगी. जूनमध्ये शाळा उघडली, फणस उतरत होते. गरे काढून उरलेली सालं-पाती, म्हणजे चारखंडं, आपल्याकडे गुरांनाच जातात. ती टोपली घेऊन आली आणि मला विचारलं, "गुरुजी, आमची म्हस आवडीन खाता. राजाक घातलंय तर चलात?"

पुस्तकात फणस नव्हता. ते लिहिणाऱ्याने तो पाहिलाही नसेल. मला माहीत नव्हतं — आणि 'माहीत नाही' एवढं म्हणायला काय लागतं? भिकू पलीकडेच उभा होता.

"चालेल की," मी म्हणालो. "घाल सगळी."

दुपारपासून राजा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहू लागला. हे लक्षण मीच शिकवलं होतं. मुलांनी ते ओळखलं, माझ्याकडे पाहिलं. ढोरांचा डॉक्टर तळेऱ्याला गेलेला. तो दुसऱ्या दिवशी आला, तोवर राजा गेला होता.

हेडमास्तरांनी सगळ्यांना मैदानात उभं केलं. कुणी घातलं? सुमतीने हात वर केला. कुणाला विचारून?

ती नुसती माझ्याकडे पाहत राहिली. मी सांगेन, असं तिला वाटलं असावं — का नाही वाटणार? आणि मी... गप्प राहिलो असतो तरी एक वेळ... पण मी म्हणालो, "तिने विचारायला हवं होतं."

भिकूने मान खाली घातली. त्यानेही कधी तोंड उघडलं नाही. त्याला नोकरी होती. मलाही होती.

तिचा बाप खोतांच्या पाया पडला आणि पोरीला शाळेतून काढून घेऊन गेला. "चेडवाक घोड्याची शाळा कित्याक व्हयी?" एवढंच म्हणाला. पुढे ती मला कट्ट्याच्या बाजारात दिसायची, कडेवर मूल. "गुरुजी, बरे आसात मां?" विचारायची. त्यात टोमणा नव्हता. मी अजून शोधतो आहे.

अजूनही कुणी मान वळवून पाहिलं की मला राजा दिसतो. त्याची नजर पोटावर असते, आणि तिची माझ्यावर.

त्या वर्षीच्या वार्षिक परीक्षेत मी प्रश्न घातला: कोणत्या पाळीव प्राण्याला ओकता येत नाही? पटावरच्या सगळ्यांनी बरोबर लिहिलं. सुमतीचं नाव तेव्हा पटावर नव्हतं.