ठोका मागाचा की रेकॉर्डचा

“तुझ्या मागानं माझं गाणं नासवलं, बसलिंगप्पा.”

“गाण्यातच खोट हाय तुझ्या. माझा माग कशाला मधी घेतोस?”

हे भांडण मी भिंतीआडून ऐकलं, त्याला चाळीस वर्षं झाली. हातातल्या कांड्यांवर सूत भरायचं राहिलं ते आठवतं. बसलिंगप्पा म्हणजे आमचे मालक, माझे घरधनी, टॉवेलचा माग चालवायचे. पलीकडं इमामसाबचं कॅसेटी भरून द्यायचं दुकान. दोन्हीत भिंत एकच, आणि नेमकी त्याच भिंतीला फळी ठोकून त्यानं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ठेवलेलं. दुसऱ्या भिंती काय कमी होत्या, हे त्याला कुणी विचारलं नाही.

माझी शाळा चौथीपर्यंत, इमामसाबला तर इंग्रजी अक्षरही ठाऊक नाही. पण लांब केसांच्या गोऱ्या पोरांची गाणी साऱ्या सोलापुरात त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. एकदा कॉलेजातला शिवानंद मुंबईहून एक रेकॉर्ड दिवसापुरती मागून घेऊन आला. इमामसाबनं ती घाईनं कॅसेटवर उतरवली, रेकॉर्ड परत गेली. मग निवांत ऐकतो तर तिसऱ्या गाण्यात, गाणारा हळू झाला की मागून ठक, ठक. त्या एका कॅसेटीवरून पुढं शंभर भरल्या. ठकठक गावभर गेली.

इमामसाब म्हणाला, मागाच्या हादऱ्यानं सुई उडाली. एकदा ऐकून तरी बघ, म्हणून विनवलंही. आमचे मालक म्हणाले, असला गोंधळ मी कानात घालून घेणार न्हाय. झालं, बोलणं बंद.

दूध मात्र बंद झालं नाही. रोज सकाळी डेअरीवरनं दोन्ही घरांचं दूध इमामसाबच आणायचा, ही रीत भांडणाआधीची. त्याच्या बायकोनं, हुसेनबीनं, त्याला बजावलं होतं की भांडण तुमचं असंल, चहा आमचा हाय. तेव्हापासून तो दूध आमच्या कडीला अडकवायचा आणि हाक न मारता जायचा. आधी किटली, पुढं पिशवी.

पुढं माग विकला. मालकांचे कान गेले, मागावर जन्म काढणाऱ्याचे जातातच. इमामसाबच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकली. पण ती कॅसेट तो अधूनमधून लावायचा. हुसेनबी सांगायची, ऐकून झालं की म्हणतो, त्याचा माग नसंल तर मी उगाच दोस्त घालवला की.

गेल्या वर्षी शिवानंद आला. बँकेतनं रिटायर, डोक्यावर केस नाही. काखेत पुठ्ठ्याची भली मोठी पेटी. तीच रेकॉर्ड म्हणे, कंपनीनं मूळ टेप धुऊनपुसून नव्यानं काढलेली. वर जाड पुस्तक, आणि त्या काळी चुकली म्हणून टाकलेली गाणीसुद्धा. आमच्यात तुटक्या धाग्याचा टॉवेल सेकंडमधे, कमी भावात जातो. तिकडं त्याचीच जास्त वाट बघतात, हे ऐकून मी कामधाम टाकून दुकानात जाऊन बसले.

तिसरं गाणं लागलं. गाणारा हळू झाला. ठक, ठक. आधीपेक्षा स्वच्छ.

इमामसाब स्टुलावर बसला. पाणी दिलं तर घेतलं नाही. शिवानंदनं पुस्तक चाळून सांगितलं, गाणारा लाकडी फळ्यांवर बुटाची टाच आपटून ताल धरायचा, तो आवाज आहे. मी विचारलं, एवढं धुतलं, मग हे कसं राहिलं? तो म्हणाला, मुद्दाम ठेवलंय.

इमामसाब उठला आणि आमच्या दारात येऊन, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, हाक मारली. मालकांना ती ऐकूच आली नाही. मग त्यानं हात धरून त्यांना दुकानात आणलं, गाणं पुन्हा लावलं आणि त्यांचा तळवा स्पीकरच्या पेटीवर ठेवला.

मालकांनी डोळे मिटले. मागवाला आपला माग शंभरात ओळखतो.

“हा माझा न्हवं,” ते म्हणाले. “माझा असा लंगडत न्हवता.”

“तेच सांगायला आणलंय. चूक माझी,” इमामसाब म्हणाला. मला ते त्यांच्या कानात ओरडून सांगावं लागलं.

मालक म्हणाले, “त्याच दिवशी हात लावला असता, तर तवाच सांगितलं असतं की रे.” गाणं संपलं तरी त्यांनी तळवा उचलला नाही.

नंतर दोघं रोज संध्याकाळी कट्ट्यावर बसायचे. एक ओरडून विचारायचा, दुसरा भलतंच उत्तर द्यायचा. सहा महिने असे गेले.

ज्या दिवशी दुपारी इमामसाब वारला, त्या सकाळीही दूध त्यानंच आणलं. आता हाक मारायला काही अडत नव्हतं, पण हाताला न बोलता अडकवायची सवय. कडी वाजली, मी चहाचं आधण ठेवून बाहेर आले. पिशवी कडीला लटकत होती, आणि तो दुसरी पिशवी घेऊन आपल्या दाराकडं निघाला होता.